खोली नको, खण द्या

नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाकडून पवननगरच्या गल्ल्यांत शिरलं की सिडको महामंडळाने बांधून दिलेलं मूळ घर शोधावं लागतं. ते आत कुठेतरी असतं. त्याच्यापुढे काढलेली खोली, मागच्या मोकळ्या पट्टीत सरकलेलं स्वयंपाकघर, वर चढवलेला मजला, त्यावर पत्र्याची शेड आणि तिथे पोचायला बाहेरून ठोकलेला लोखंडी जिना, असं सगळं त्याच्या अंगावर चढलेलं दिसतं. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांना परवडतील अशी लहान घरं सिडकोने ‘नवीन नाशिक’ या नावाने सहा योजनांत बांधली. हजारो कुटुंबांना त्यामुळे डोक्यावर छप्पर मिळालं. पुढे कुटुंबं वाढली, घरं मात्र होती तेवढीच राहिली. मग ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ती वाढवली.

महापालिकेच्या भाषेत हे वाढीव बांधकाम. त्याच्या नोटिसा निघतात, भिंतींवर खुणा होतात, मोर्चे निघतात, राजकीय आश्वासनं मिळतात आणि पुढच्या नोटिशीपर्यंत सगळं शांत होतं. या बांधकामांनी नुकसान केलेलं नाही असं मी म्हणणार नाही. अनेक गल्ल्यांत अग्निशमनाचा बंब आत येत नाही. मधल्या घरांचा उजेड गेला, शेजारणीची एकुलती एक खिडकी बुजली, ड्रेनेजच्या चेंबरवर कुणाचं तरी न्हाणीघर उभं राहिलं. तरीही मला त्यांच्याकडे निव्वळ अतिक्रमण म्हणून पाहता येत नाही. लहान घरात राहणाऱ्या माणसाला नेमकं काय लागतं, याची या शहरातली सर्वांत मोठी आणि सर्वांत खरी नोंद त्या भिंतींमध्ये आहे. ती वाचायची तसदी आपण घेतलेली नाही.

त्या नोंदीत पहिली गोष्ट दिसते ती ही, की माणसाला एका वेळी एकच खोली जास्तीची लागते आणि तीही काही वर्षांपुरती. मुलगी बारावीला गेली की तिला दार लावून बसायची जागा हवी असते. कळवणला किंवा सटाण्याला एकटी राहिलेली आई कायमची नाशिकला येते, तेव्हा हॉलमधला दिवाण देऊन भागत नाही. तिला रात्री दोनदा उठायचं असतं, औषधं हाताशी लागतात, दुपारी पाठ टेकायची असते आणि सगळ्यांचा टीव्ही बंद व्हायची वाट बघत बसणं या वयात जमत नाही. थोरल्याचं लग्न ठरतं. घरातली बाई शिलाईचं किंवा मसाल्यांचं काम सुरू करते आणि मशीन रोज उचलून ठेवायला कंटाळते. दहा-बारा वर्षांनी यातली निम्मी कारणं उरत नाहीत. मुलगी पुण्याला असते, आई गेलेली असते, थोरल्याने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलेला असतो. खोली मात्र विटांची, सिमेंटची, सळईची. ती हलत नाही, आकसत नाही, कुणाला देता येत नाही. पाडायची म्हटली तर पाडायचाच खर्च वेगळा.

म्हणजे गरज येते-जाते आणि बांधकाम कायमचं राहतं. ही विसंगती सोडवायची तर घराला जोडता येईल, बदलता येईल आणि काढून दुसरीकडे नेता येईल अशी लहान जागा कारखान्यातून तयार होऊन यायला हवी. इथपर्यंत आता बरेच लोक येतात. पुढच्या प्रश्नावर मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही, आणि तो प्रश्नच मुद्द्याचा आहे: कारखान्यातून यायचं ते काय? अख्खी खोली, की खोलीचे भाग?

सध्या बाजारात उत्तर मिळतं ते अख्ख्या खोलीचं. गंगापूर धरणाच्या बाजूला, त्र्यंबक रस्त्यावर, इगतपुरीच्या वळणांवर एनए प्लॉट घेतलेल्यांकडे पोर्टा केबिन आणि कंटेनरची घरं दिसू लागली आहेत. छायाचित्रात ती फार देखणी दिसतात. आपण जरा टेप घेऊन आत जाऊ. वीस फुटी कंटेनर बाहेरून वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. आतली मोकळी रुंदी सुमारे २.३५ मीटर, उंची सुमारे २.३९ मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते की घरात राहण्याची खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची आणि २.४ मीटर रुंदीची असावी, उंची २.७५ मीटर असावी. क्षेत्रफळात कंटेनर आरामात बसतो, पण रुंदीत थोडक्यात आणि उंचीत चांगलाच कमी पडतो. हे झालं नुसत्या पत्र्याच्या खोक्याचं. नाशिकच्या एप्रिलमध्ये त्यात राहायचं तर दोन्ही बाजूंनी आणि वरून उष्णतारोधक थर लावावा लागतो, त्यावर बोर्ड मारावा लागतो. आत उरते ती साधारण २.२ मीटर रुंदी, म्हणजे सव्वासात फूट. त्यात पाच फुटी डबलबेड लांबीच्या भिंतीला लावला की सव्वादोन फुटांची वाट राहते. समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट ठेवलं तर त्याचं दार उघडत नाही. आजीला काठी किंवा वॉकर घेऊन पलंगाला वळसा घालता येत नाही. संहितेतले आकडे कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. माणसाला वळायला, वाकायला, दुसऱ्याला ओलांडून जायला किती जागा लागते, हे त्यांच्यामागे आहे. कंटेनरचा आकार ठरला तो जहाज, क्रेन आणि ट्रेलर यांच्या सोयीने. मालासाठी तो उत्तम आहे.

शिवाय तो येणार कसा? रिकामा वीस फुटी कंटेनर दोन टनांहून जड असतो. त्याला ट्रेलर लागतो, उतरवायला हायड्रा क्रेन लागते. ज्यांच्या दारात ट्रेलर उभा राहतो, त्यांच्याकडे बहुतेक वेळा जागाही असते आणि पैसाही. ज्या पवननगर-उत्तमनगरच्या गल्लीत त्या एका खोलीवाचून माणसं अडली आहेत, तिथे हायड्रा वळतच नाही. डोक्यावर विजेच्या तारा, दोन्ही बाजूंना उभ्या दुचाकी, कोपऱ्यावर देऊळ. तयार खोलीची सर्वांत जास्त गरज जिथे आहे तिथेच ती पोचू शकत नसेल, तर तिच्या देखणेपणाचं मला कौतुक वाटत नाही.

अख्ख्या खोलीच्या कल्पनेची जगातली सर्वांत प्रसिद्ध परीक्षा टोकियोत झाली. किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. दोन मनोरे आणि त्यांना बोल्टने जोडलेल्या १४० तयार खोल्या. प्रत्येकीत पलंग, टेबल, न्हाणीघर, गोल खिडकी, सगळं कारखान्यातूनच बसवून आलेलं. साधारण पंचवीस वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची आणि नवी लावायची, इमारत चिरतरुण राहील, असा विचार होता. एकही कॅप्सूल कधी बदलली गेली नाही. मधली एक काढायची तर वरच्या हलवाव्या लागत होत्या, खर्च अफाट होता आणि मालक अनेक असल्यामुळे एकमत होत नव्हतं. गळती, गंज, बंद पडलेलं गरम पाणी अशा अवस्थेत पन्नास वर्षं काढून २०२२ मध्ये ती इमारत उतरवली गेली. वास्तुकलेच्या अभ्यासकांनी तिच्यावर भरभरून लिहिलं आहे आणि तिचं धाडस मलाही मोठं वाटतं. पण तिच्यातली चूक साधी होती. बदलाचं एकक फार मोठं धरलं होतं. नळ गळतो म्हणून खोली बदलायची, हे कुठल्याच घराला परवडत नाही. घरात झिजतो तो तुकडा, बिघडतो तो कोपरा. माणसाला बदलायची असते एक भिंत, हलवायचं असतं एक दार.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत कारखान्यातल्या घरांचा जो बोलबाला झाला, त्याची दिशाही मला अपुरी वाटते. १ जानेवारी २०२१ ला केंद्र सरकारने सहा शहरांत ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी केली. चेन्नईला प्रीकास्ट काँक्रीट, राजकोटला टनेल फॉर्मवर्क, रांचीला तर काँक्रीटच्या अख्ख्या खोल्या साच्यातून काढून एकमेकींवर रचायच्या. बांधणी वेगाने होते, यात शंका नाही. नाशिकच्या नव्या टॉवरमध्ये बिल्डर मिवान, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांच्या, शटरिंगचा अभिमानाने उल्लेख करतात, तोही याच कारणासाठी. पण यातल्या बऱ्याच पद्धतींत भिंतच भार पेलते. राहायला आलेल्या कुटुंबाला दोन लहान खोल्यांची एक मोठी करायची असेल तर ती भिंत काढता येत नाही. साधं खिळ्याचं भोक पाडायला हॅमर ड्रिल आणावं लागतं. बांधणाऱ्याचे सहा महिने वाचले आणि राहणाऱ्याची पुढची चाळीस वर्षं गोठली. कारखान्याचा फायदा बिल्डरपाशी थांबू नये, तो राहणाऱ्याच्या हातात यावा, एवढाच माझा आग्रह आहे.

वाढणाऱ्या घराचा विचार कुणी केलाच नाही, असंही नाही. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठीच १९८० च्या दशकात बेलापूरला घरं आखली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, पण कुठल्याही दोन घरांत भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला वाढवायचं त्याने शेजाऱ्याला धक्का न लावता वाढवावं. मूळचे पुण्याचे बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबांना जोतं आणि संडास-मोरीचा गाभा दिला आणि बाकीचं घर त्यांच्यावर सोपवलं. चिलीत इकिके इथे आलेहांद्रो आरावेना यांनी २००४ मध्ये अर्धं घर बांधून दिलं आणि उरलेल्या अर्ध्याची जागा राखून ठेवली. तिघांचंही काम मला मोलाचं वाटतं. त्यांनी वाढीला जागा दिली. वाढीचं साहित्य मात्र दिलं नाही. ते ज्याचं त्याने वीट-सिमेंटच्या दुकानातून आणायचं. सिडकोच्या नाशिकमधल्या माणसानेही तेच केलं, फक्त त्याच्यासाठी कुणी आधी जागा आखून ठेवली नव्हती.

ते साहित्य कसं असावं, हे शोधायला मी जुन्या नाशकात जाईन. गोदाकाठच्या गल्ल्यांतले वाडे दर पावसाळ्यात कोसळतात आणि बातमी होतात, त्यामुळे वाडा म्हटलं की आता धोकाच आठवतो. पण उघड्या पडलेल्या वाड्याचा सांगाडा जरूर पाहावा. दगडी उथळ्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर माती. सुतार लाकूड आधी तासून, खाचा घेऊन तयार ठेवायचा आणि मग जागेवर उभं करायचा. सांधे खाचांचे आणि पाचरांचे. मधल्या भिंती फक्त भराव. त्या पडल्या तरी सांगाडा उभा. घर मोजायचं ते खणांत. एक खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, साधारण पाच-सहा फुटांची. माजघर तीन खणांचं, ओसरी पाच खणांची, सोपा दोन खणांचा. वाटण्या खणांनी व्हायच्या, भाडी खणांवर ठरायची, खरेदीखतात खण लिहिले जायचे. पैसा आला की मागे दोन खण वाढवायचे. दोन खांबांत फळ्यांची भिंत घातली की खोली, काढली की पडवी. लग्नाला सगळं मोकळं करून पंगत बसवता यायची. वाडा उतरवल्यावर खांब, तुळया आणि चौकटी विकल्या जातात. नाशिकच्या कितीतरी हॉटेलांत आणि बंगल्यांत आज ते जुनं सागवान दुसरा जन्म जगतंय.

वाड्याची आठवण मी हळवेपणाने काढत नाही. वाड्यात अंधारे माजघर होतं, बायकांना चुलीचा धूर होता, कुणाला कुठल्या उंबऱ्यापर्यंत येता येईल याचे जातीचे नियम होते. ते परत यावं असं कोणालाही वाटू नये. पण त्या बांधणीत एक गोष्ट पक्की होती: माप सगळ्यांना ठाऊक होतं. सुताराला, मालकाला, भाडेकरूला, कारकुनाला. माप सामाईक असलं की एकाने केलेला भाग दुसऱ्याच्या घरात बसतो. आजच्या तयार खोल्यांत हेच नाही. एका उत्पादकाचं पॅनल दुसऱ्याच्या चौकटीत बसत नाही, कंपनी बंद पडली की सुटा भाग मिळत नाही, आणि केबिन भंगारात जाते.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी की असं सामाईक माप आपल्याकडे आजही तयार आहे. प्लायवूड आठ बाय चार, सिमेंट बोर्ड आठ बाय चार, जिप्सम बोर्डही बहुधा चार फुटांच्याच पट्टीत. गंगापूर रोडच्या इंटीरियरवाल्यापासून भद्रकालीतल्या सुतारापर्यंत सगळे ‘आठ बाय चार’मध्ये विचार करतात. तेव्हा चार फुटांचा खण धरावा. तीन खण बाय तीन खण, म्हणजे बारा बाय बारा फुटांची खोली होते, सव्वातेरा चौरस मीटरच्या वर, संहितेच्या क्षेत्रफळ-रुंदीच्या किमान मापात निर्धास्त बसणारी. आजीच्या खोलीला एक खण वाढवला की शेजारी कमोडची मोरी होते. चौकट गॅल्व्हनाइज्ड बॉक्स पाईपची, सांधे वेल्डिंगचे न ठेवता नट-बोल्टचे, बोल्टची भोकं ठरलेल्या अंतरावर. पन्नास मिलिमीटरच्या सँडविच पॅनलचं वजन चौरस मीटरला दहा-बारा किलो, म्हणजे आठ बाय चारचा एक भाग पस्तीस किलोच्या आसपास. दोन माणसं तो जिन्याने वर नेतात. हायड्रा लागत नाही. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मोटारींच्या सुट्या भागांसाठी पत्रा कापणारे, वाकवणारे, भोकं पाडणारे शेकडो लहान कारखाने आहेत. अर्ध्या मिलिमीटरची चूक खपवून न घेणाऱ्या गिऱ्हाईकांसाठी ते रोज काम करतात. एक ब्रॅकेट आणि एक सांधा त्यांना अवघड नाही. आजपर्यंत त्यांच्याकडे कुणी खोलीचा सांधा मागितलेला नाही, एवढंच.

वजनाचा मुद्दा आणखी एका कारणाने मला महत्त्वाचा वाटतो. सिडकोतल्या जुन्या घरांवर लोक मजले चढवतात ते पाया न तपासता. अर्ध्या विटेची, दहा फूट उंचीची भिंत प्लॅस्टर धरून मीटरला सहज सातशे किलोंच्या घरात जाते. तेवढ्याच लांबीची पॅनलची भिंत चौकटीसकट शंभर किलोंतही बसते. गच्चीवर तिसरी खोली चढवणाऱ्या माणसाला कायद्याचा धाक दाखवून थांबवता आलेलं नाही. निदान त्याच्या कुटुंबाच्या डोक्यावरचं ओझं तरी सातपटीने हलकं करता येईल. आगीचं भान मात्र ठेवायलाच हवं. आत फोम भरलेलं स्वस्तातलं पफ पॅनल पेटलं तर विषारी धूर होतो. झोपायच्या खोलीसाठी आत रॉकवूल भरलेलंच पॅनल हवं, थोडं जड आणि महाग पडलं तरी. इथे काटकसर करू नये.

आता हवा. नाशिक जिल्ह्यात एकच एक तयार खोली चालणार नाही, याचं कारण आकाशातच आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर सिन्नरला पाचशे-साडेपाचशे. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांखाली जातो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. मालेगावला मे महिन्यात तो चव्वेचाळीसच्या पुढे चढतो. इगतपुरीला उतार जास्त असलेलं आणि पुढे भरपूर आलेलं छप्पर हवं, मालेगावला दुहेरी छप्पर आणि मध्ये वारा खेळायला फट हवी, निफाडला रात्री घट्ट बंद होणारी भिंत हवी. छप्पर, भिंत आणि जमीन हे वेगवेगळे भाग असले आणि सांधा एकच असला, तरच हे जमेल. साच्यातून निघालेल्या खोक्यात जमणार नाही.

हे शहाणपण आपल्या शेतकऱ्याकडे आहेच. लासलगाव-येवल्याकडची कांदाचाळ जवळून पाहावी. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत पडतो आणि दिवाळीपर्यंत टिकवायचा असतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून वारा यावा अशा फटी ठेवलेला. बाजू बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या, त्यातही फटी. पाखीची, म्हणजे कांद्याच्या एका रांगेची, रुंदी चार-पाच फुटांच्या पुढे जाऊ देत नाहीत, नाहीतर मधला कांदा घामेजतो आणि सडतो. छपराची पडवी पुढे काढलेली, तिरपा पाऊस आत येऊ नये म्हणून. दोन पाख्यांच्या मध्ये माणसाला चालायला वाट. वारा कुठून येतो, ऊन कुठून लागतं, ओल कुठून चढते, याचा एवढा बारकाईने विचार करून बांधलेली वास्तू जिल्ह्यात दुसरी क्वचितच असेल. त्याच शिवारात द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून आलेली कुटुंबं मात्र प्लॅस्टिकच्या कागदाच्या पालात दोन-तीन महिने काढतात, लेकराबाळांसकट. जे ज्ञान कांद्यासाठी वापरलं ते त्यांच्यासाठी वापरलं गेलं नाही. बागेच्या कडेला चार खणांची उचललेल्या तळाची खोली उभी राहते, हंगाम संपल्यावर ती सोडून पुढच्या बागेत नेता येते. अशी खोली बागायतदारांच्या संस्था एकत्र येऊन घेऊ शकतात. त्यासाठी अवघड तंत्रज्ञान लागत नाही.

खणांच्या अशा खोलीला एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: लोकांना पक्कं घर हवंय. पत्रा, पॅनल म्हणजे गरिबी, म्हणजे झोपडपट्टी, म्हणजे लग्नाच्या बैठकीत खाली मान. बँक त्यावर कर्ज देत नाही. हे खरं आहे, आणि ज्या माणसाने तीस वर्षं पत्र्याखाली काढली त्याला स्लॅबचं वेड असणं मी समजू शकतो. पण मी घर काढून पॅनल लावा असं म्हणत नाही. घराचा गाभा पक्काच असावा: जोतं, संडास-मोरी, स्वयंपाकघर, एक-दोन खोल्या. खणांची गोष्ट त्यापुढच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या खोलीची आहे. आणि पत्र्याची लाज ही बरीचशी वाईट कामाची लाज आहे. उन्हाने तापणारा, पावसात बोलू न देणारा, विटा ठेवून दाबलेला पत्रा कुणाला आवडेल? किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लोकांना तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पत्रे मिळाले होते. पुढे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची पक्की घरं मिळाली. तरी ते पत्रे कुणी फेकले नाहीत. कुणी गोठा केला, कुणी स्वयंपाकाची खोली, कुणी धान्याची. सुटा होणारा, पुन्हा लावता येणारा भाग माणूस जपून ठेवतो. त्याची किंमत त्याला कळते.

अडतं ते नियमांपाशी. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीने एक चांगलं काम केलं. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधताना परवानाधारक तंत्रज्ञाने नकाशा दिला आणि शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरली जाते. लहान माणसावर विश्वास टाकणारी ही तरतूद आहे. पण नियमावलीला बांधकाम दोनच प्रकारचं ठाऊक आहे. एक कायमचं, जे चटईक्षेत्रात मोजलं जातं. दुसरं तात्पुरतं, म्हणजे मंडप, जत्रेची दुकानं, साईटवरची गोदामं. दहा वर्षं राहून निघून जाणाऱ्या खोलीला या दोहोंत जागा नाही. म्हणून ती बेकायदा ठरते, आणि बेकायदा ठरणारच असेल तर माणूस म्हणतो, मग पक्कीच बांधू. आजचे नियम नकळत सर्वांत जड, सर्वांत न हलणाऱ्या बांधकामाला प्रोत्साहन देतात. यात तिसरा प्रकार हवा. ठरलेल्या मापाची, बोल्टने जोडलेली, आग आणि भार तपासलेली खोली दहा वर्षांच्या नोंदणीवर लावता यावी. समोरचा बंबाचा रस्ता आणि शेजाऱ्याची खिडकी यांना हात लावायचा नाही, ही अट कडक असावी. मुदत संपली की नूतनीकरण किंवा काढणी. काढता येणाऱ्या खोलीवर महापालिकेला कारवाईसुद्धा माणुसकीने करता येते. बुलडोझर लागत नाही, कुटुंबाचं साहित्य कुटुंबाकडेच राहतं.

हे सगळं करून पाहायची संधी शहराच्या दारात उभी आहे. प्रयागचा कुंभ थंडीत असतो, तिथे तंबू चालतात. नाशिकचा सिंहस्थ भर पावसाळ्यात येतो. २०१५ मध्ये पर्वण्या ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये होत्या. आता पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. तपोवनात साधुग्रामासाठी पुन्हा शेड, संडास, स्वयंपाकगृहं, दवाखान्याच्या आणि पोलिसांच्या खोल्या उभ्या राहतील. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायच्या प्रस्तावावर २०२५ मध्ये शहर रस्त्यावर उतरलं, तेव्हा माझ्या मनात हाच प्रश्न होता: काही महिन्यांच्या वस्तीची आखणी झाडाला वळसा घालू शकत नसेल, तर तिला तात्पुरती का म्हणायचं? चार फुटांच्या खणांनी बांधलेली रांग झाडापाशी एक खण सोडून पुढे जाऊ शकते. बारा मीटरची ठरीव शेड जाऊ शकत नाही.

म्हणून साधुग्रामाच्या निविदेत आत्ताच चार ओळी घालाव्यात. खण चार फुटांचा, कुठलाही भाग दोन माणसांना उचलेल इतकाच, जोडणी बोल्टची, सांध्याचा नकाशा सर्वांसाठी खुला म्हणजे कुठलाही फॅब्रिकेटर तो बनवू शकेल. आणि पाचवी ओळ: ऑक्टोबरमध्ये हे भाग ठेकेदार उचलून नेणार नाही, ते महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या गोदामात जमा होतील. तिथून पेठ-सुरगाण्यातल्या गळक्या अंगणवाड्यांना पहिला मान, मग द्राक्षपट्ट्यातल्या मजूर कुटुंबांना, आणि मग सिडकोतल्या ज्या घरात कुणाची आई गावाहून कायमची राहायला आली आहे त्या घराला, भाड्याने, खणाच्या हिशोबाने.